दुसरा हीटर

योगराज चौधरी धुळ्याला गेला, तेव्हा त्याची आई आणि त्याची माशांची टाकी त्याच्या बायकोकडे, मोहिनीकडे, जळगावातच राहिली.

शेजारीपाजारी 'निघून गेला' म्हणत, पण तशी ती साधी बदली होती. पाटबंधारे खात्यातल्या माणसाची बदली होतेच, आणि जळगाव-धुळे रोज जा-ये करणारेही पुष्कळ असतात. योगराजने मात्र देवपूर भागात खोली घेतली. सुरुवातीला दर शनिवारी यायचा. मग एखादा शनिवार चुकायला लागला, मग बरेच चुकले. दिवाळीला आला आणि जाताना गरम कपड्यांची पेटीही बरोबर घेतली. दारात बूट घालता घालता म्हणाला, "मोहिनी, मला वाटतं, आता हे असंच राहू दे."

मोहिनी म्हणाली, "बरं."

भांडण काही झालं नव्हतं. मूल झालं नाही, त्यासाठी डॉक्टरांकडे खेपा घातल्या होत्या, त्याही केव्हाच थांबल्या होत्या. पुढे पुढे दोघं एकमेकांशी फक्त गॅस संपला, दूध आणायचं आहे, असलंच बोलत. मोहिनी रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. तिथे दिवसभर बोलणं व्हायचं, घरी आल्यावर गप्प बसायला तिला बरं वाटायचं. योगराज टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचा. त्यालाही बहुधा तसंच बरं वाटत असावं.

त्याची आई बेबाबाई मुक्ताईनगरकडची. केळीच्या बागा थोरल्या मुलाकडे होत्या. म्हातारी गुडघ्यांच्या उपचाराला म्हणून धाकट्याकडे जळगावला आली होती आणि राहिली होती. मुलगा येणार नाही हे कळल्यावर तिने कोणालाच काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली आणि रोजच्यासारखी मेथी निवडत बसली. मोहिनीनेही विषय काढला नाही.

टाकी हॉलच्या लांब भिंतीला लागून होती, चांगली पलंगाएवढी लांब. आत डिस्कस जातीचे मासे. गोल, चपटे, ताटलीसारखे. कोणी नारिंगी, कोणी निळ्या रेघांचे. बेबाबाई त्यांना 'भाकरी' म्हणायची. "तुह्या नवऱ्याच्या भाकरी भुक्या राह्यल्या वं," असं सकाळी आठवण करून द्यायची, आणि मोहिनी झाकण उचलून चिमूटभर खाणं टाकायची. गोंडस मासे खरे, पण नाजूक. त्यांना पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास लागतं. जळगावच्या उन्हाची गोष्ट सगळे करतात. जानेवारीत इथे पहाटे दात वाजतात हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही.

योगराजने टाकीच्या दोन टोकांना दोन हीटर लावले होते. एक अठ्ठावीसवर. दुसरा त्याहून थोडा खाली, म्हणजे पहिला बंद पडून पाणी उतरायला लागलं तरच तो पेटणार. फिल्टरही दोन. एक टेबलाखाली ठेवलेला डबा, नळ्यांनी जोडलेला. दुसरा टाकीच्या काठावर टांगलेला, त्यातून पाणी परत टाकीत पडायचं. घेतले तेव्हा मोहिनीने विचारलं होतं, "एकच मोठा हीटर का नाही घेत?"

"मोठा एकच असला आणि तो बंद व्हायचा विसरला, तर मासे शिजतील," योगराज म्हणाला होता. "छोटा चालूच राहिला तरी पाणी फार तापत नाही. आणि एक गेला तर दुसरा आहे. फिल्टरचंही तसंच. घाण गाळणं हे त्याचं अर्धंच काम. माशांचा मळ पचवणारे जंतू त्यातल्या स्पंजात राहतात. एक फिल्टर धुतला किंवा बिघडला, तर दुसऱ्यातले जंतू टाकी सांभाळतात."

तिने हूं हूं करत ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. रक्तपेढीत फ्रिजचा काटा जरा हलला तरी भोंगा वाजतो, आणि तिथल्या एखाद्या प्लगला तिने हातसुद्धा लावला नसता. पण ती नोकरी होती. टाकी योगराजची होती.

तो गेल्यावर घर शांत झालं, आणि टांगलेल्या फिल्टरचा आवाज ऐकू यायला लागला. एरवी टीव्हीत तो बुडून जायचा. आता जेवताना, झोपताना, पुस्तक हातात घेतलं तरी पाण्याची धार आपली पडतेच आहे. एका संध्याकाळी मोहिनीने पलीकडच्या भिंतीवरच्या बोर्डातून त्याची पिन काढली. मासे पोहत होते तसेच पोहत राहिले. तिने ती पुन्हा लावली नाही.

डिसेंबरात बेबाबाईचे गुडघे जास्तच दुखायला लागले. मोहिनीने विजेवर चालणारी शेकायची पिशवी आणली. म्हातारीची कॉट हॉलमध्ये, पिशवीची वायर आखूड आणि कॉटजवळच्या बोर्डावर एकही जागा रिकामी नाही. मोहिनीने खाली वाकून पाहिलं. त्या दुसऱ्या हीटरचा लाल दिवा तिला कधी पेटलेला दिसला नव्हता. बिघडलेला असेल असं समजून तिने त्याची पिन काढली आणि पिशवीची लावली.

"आता कसं वाटतं, आई?"

"लय बरं वाटतं," बेबाबाई म्हणाली.

जानेवारीत थंडीची लाट आली. केळीवाल्या लोकांनी पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून बागेत धूर करायला सुरुवात केली. थोरल्या मुलाचा फोन आला की बेबाबाई आधी बागेची विचारपूस करायची आणि मग नातवंडांची. त्याच दिवसांत कधीतरी टाकीतला पहिला हीटर जळाला. आवाज नाही, वास नाही; आतली तार तुटली असावी.

मोहिनीला ते सकाळी कळलं. दूध तापवून ती खाणं टाकायला आली, तर एकही मासा वर येईना. सगळे एका कोपऱ्यात तळाशी जमले होते. रंग काळपट पडलेले, पंख अंगाशी मिटलेले. सगळ्यांत मोठा निळा मासा एका कुशीवर कलला होता. तिने पाण्यात हात घातला आणि झटकन काढून घेतला. थर्मामीटरवर विसाच्याही खाली आकडा होता.

"आई," ती म्हणाली, "पाणी गार पडलंय."

बेबाबाई काठी टेकत आली, काचेला नाक लावून पाहिलं. "मरी गेले का?"

"अजून नाही."

"मंग त्याले फोन कर."

मोहिनीने फोन हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. दिवाळीनंतर ती दोघं थेट बोलली नव्हती. जे काही असेल ते आईच्या फोनवरून, आईच्या तोंडून. बेबाबाईने आपला फोन कमरेच्या पिशवीत दाबून धरला होता आणि देण्याचं लक्षण दिसत नव्हतं. मोहिनीने नंबर लावला.

योगराजने लगेच उचलला. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बऱ्या आहेत. टाकीचं पाणी गार झालंय. मासे तळाला बसलेत."

"किती आहे?"

तिने आकडा सांगितला.

"दोन्ही हीटर गेले?" त्याच्या आवाजात अविश्वास होता.

मोहिनीने बोर्डाकडे पाहिलं. मग म्हणाली, "एक गेलाय. दुसऱ्याची पिन मी काढली होती. डिसेंबरात. आईंची पिशवी लावायला."

पलीकडे कुठेतरी चहाचे कप वाजले.

"पाण्यातच आहे ना तो? बाहेर नाही काढला?"

"पाण्यातच आहे."

"मग आत्ता पिन लाव."

तिने लावली. लाल दिवा पेटला. तो नीट चालत होता, इतके दिवस नीटच होता.

"तो एकटा हळू तापवेल," योगराज म्हणाला. "हळूच पाहिजे. गरम पाणी थेट ओतू नकोस, एकदम फरक पडला तर थंडीपेक्षा वाईट. प्लास्टिकच्या बाटल्यांत कोमट पाणी भर, झाकणं घट्ट लाव आणि तरंगत सोड. टाकीला बाहेरून चादरी गुंडाळ. फिल्टर चालू आहेत ना?"

"खालचा आहे."

"वरचा?"

"तोही मी बंद केला होता. आवाज व्हायचा."

मोहिनीला वाटलं, आता हा चिडेल. चिडावा असंही तिला वाटलं. पण तो म्हणाला, "तो आता घाईघाईने चालू करू नकोस. आतलं पाणी कुजलं असेल, सगळं टाकीत येईल. राहू दे तसाच. मी निघतो."

"ऑफिस?"

"सुट्टी टाकतो."

मोहिनीनेही रक्तपेढीत फोन करून कळवलं. घरात कोणाची तब्येत बरी नाही, एवढंच सांगितलं. मग गच्चीवरच्या खोक्यातून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या काढल्या. बेबाबाईने गॅसवर पातेलं चढवलं आणि म्हणाली, "चार तांबे कढत पानी ओतलं तं एका घडीत काम होते."

"नको, आई. ते म्हणाले, हळू."

"बागेले आमी इहिरीचं कोमट पानीच देत होतो थंडीत."

"केळी मुळाशी पितात. हे त्यातच राहतात."

बेबाबाईला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तिने पातेल्याखालची आच बारीक केली. मोहिनी बोट बुडवून पाणी बघायची, बाटल्या भरायची आणि टाकीत सोडायची. गार झालेल्या काढून पुन्हा भरायची. कपाटातून दोन जाड गोधड्या काढून तिने टाकीला मागून आणि बाजूंनी लपेटल्या. समोरची काच तेवढी उघडी ठेवली.

आकडा एका अंशाने चढला, तोच वीज गेली. दुरुस्तीसाठी सकाळी वीज जाणार, असा संदेश आदल्या दिवशीच आला होता आणि मोहिनी तो विसरली होती. घरातला इन्व्हर्टर पंखे-दिव्यांपुरता. लाल दिवा विझला, टेबलाखालच्या डब्याची घरघरही थांबली. मोठा निळा मासा तोंड भराभर उघडमीट करायला लागला.

तिने पुन्हा फोन केला. या वेळी हात अडखळला नाही. योगराज बसमध्ये होता, पारोळ्याच्या अलीकडे.

"फिल्टर बंद, म्हणजे पाणी हलत नाही. त्यांना हवा कमी पडेल," तो इंजिनच्या आवाजावर ओरडून म्हणाला. "तांब्याने टाकीतलंच पाणी उचल आणि वरून टाकीतच ओत. बुडबुडे आले पाहिजेत. थांबू नका."

बेबाबाईने स्टूल ओढलं. "दे तांब्या माह्यापाशी. तू बाटल्या पाह्य."

मग बराच वेळ घरात तेवढंच चाललं. म्हातारी तांब्या बुडवायची, हात उंच करायची, बारीक धार सोडायची. महादेवाच्या पिंडीवर पाणी घालतात तशी, पण तिच्या तोंडी देवाचं नाव नव्हतं. ती माशांनाच बोलत होती. "हाल ना वं. पाय कसे हालत नई तुहे?" पाय नसतात हे तिला माहीत होतं. हात दुखला की ती तांब्या दुसऱ्या हातात घ्यायची. मोहिनी म्हणाली, "मी घेते, आई," तर मान हलवून नाही म्हणाली. मोहिनी स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये खेपा घालत राहिली. कालची पोळी दोघींनी उभ्या उभ्याच खाल्ली.

दुपारी वीज आली. योगराजने फोनवर बजावून ठेवलं होतं, तसं मोहिनीने डब्यातलं थांबलेलं पाणी आधी बादलीत काढलं, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून घेतला आणि मगच डबा सुरू केला. दोन नारिंगी मासे तळ सोडून अर्ध्या उंचीवर आले होते. त्यांचा रंग परत येत होता. बेबाबाईने तांब्या खाली ठेवला आणि तिथेच स्टुलावर डोळे मिटले.

योगराज आला तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. खांद्यावर बॅग, बॅगेत धुळ्यातल्या दुकानातून घेतलेला नवा हीटर. त्याने गोधड्यांकडे पाहिलं, तरंगणाऱ्या बाटल्यांकडे पाहिलं, थर्मामीटर वाचला.

"चांगलं केलंत," तो म्हणाला. आईला म्हणाला की दोघींना, ते कळलं नाही.

मोठा निळा मासा त्याच्यासमोरच गेला. पोट वर करून हळूच पृष्ठभागाला आला. रुपयाच्या नाण्याएवढा असताना योगराजने त्याला आणलं होतं. त्याने जाळीने उचलला, वर्तमानपत्रावर ठेवला आणि खाली जाऊन आवारातल्या कढीपत्त्याच्या झाडापाशी खड्डा केला. मोहिनीने वरून, गॅलरीतून पाहिलं. तिला रडू आलं नाही. ती आत जाऊन पाणी प्यायली.

मग त्याने टांगलेला फिल्टर न्हाणीघरात नेला. आतून काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी निघालं. तो घासत बसला आणि मोहिनी दारात उभी राहिली.

"यातले जंतू मेलेत," तो म्हणाला. "हा आता नव्यासारखाच. डब्यातल्या स्पंजाचा एक तुकडा कापून यात ठेवतो. महिना-दीड महिन्यात तयार होईल. दोन्ही फिल्टर एकाच दिवशी कधी धुवायचे नाहीत."

"आणि नळाचं पाणी?"

"नळाच्या पाण्याने नाहीच. त्यातल्या औषधाने जंतू मरतात."

"आवाज कमी करता येतो का याचा?"

त्याने वर पाहिलं. "टाकीत पाणी काठापर्यंत भरलं की धार पडत नाही, नुसती घसरते. आवाज येत नाही. मला वाटलं होतं, तुला माहीत आहे."

"नव्हतं माहीत. तुम्ही सांगितलं असतंत तर..." ती थांबली. "मीही विचारलं नाही."

तो परत घासायला लागला.

चहा घेताना मोहिनी म्हणाली, "या माशांना घेऊन जा तुम्ही. धुळ्याला."

"खोली लहान आहे. तिसऱ्या मजल्यावर. टाकी ठेवायला जागा नाही."

"जागा करा मग. तुमची टाकी, तुमचे मासे, तुमची आई, सगळं इथे ठेवून तुम्ही मोकळे. आज मी घरी होते. ड्युटीवर असते तर?"

ती आवाज चढवून बोलली नव्हती. तरी योगराजचा कप बशीवर जरा जोरात टेकला.

कॉटवरून बेबाबाई म्हणाली, "मले माशाईत नको मोजू वं."

मोहिनीने हातातला कप खाली ठेवला.

"तसं नाही, आई," मोहिनी म्हणाली.

"तसंच बोलली तू. पन खरं बोलली." म्हातारी उठून बसली. मुलाकडे वळली. "तुले इकडी यायचं नई, तं नको येऊ. मी कोनाले बांधी ठेवत नई. पन काय ते नीट सांग तिले. दारात जोडे घालता घालता सांगायची गोष्ट नव्हती ती."

योगराजने टाकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला यायचं नाही, मोहिनी. तुझं काही चुकलं म्हणून नाही. तिथे मला बरं वाटतं."

"मलाही वाटतं," मोहिनी म्हणाली. आणि ते खरं आहे हे तिला म्हटल्यावरच कळलं. "मग ते कागद करून टाकू. आणि थंडी गेली की मासे न्या."

"निम्मे नेतो. सगळे एकदम नव्या टाकीत टिकणार नाहीत."

"निम्मे न्या."

"आई, तू?"

"तुह्या तिसऱ्या मजल्यावर मी कोनत्या गुडघ्यानं चढू?" बेबाबाई म्हणाली. "मी अठीच बरी. तिले चालत असंन तं."

मोहिनीने होकार दिला. एवढं बोलून झाल्यावर ती कप धुवायला उठली.

संध्याकाळच्या बसने योगराज परत गेला. जाण्याआधी त्याने नवा हीटर लावला आणि बोर्डाला आणखी एक सॉकेट जोडलं, पिशवीची पिन वेगळी बसेल असं. नंतरचे काही दिवस तो रोज सकाळी फोन करून आकडा विचारायचा. पुढे मोहिनीच आपणहून फोटो पाठवायला लागली. नुसता थर्मामीटर, खाली काही लिहिलेलं नाही. आणखी एक नारिंगी मासा गेला, बाकीचे वाचले. रविवारी ती पाणी बदलायची. सुरुवातीला जबाबदारी म्हणून, मग हाताला सवय झाली म्हणून. एका जोडीने डब्याच्या नळीवर अंडी घातली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खाऊन टाकली. बेबाबाईला ते मुळीच आवडलं नाही. तिने दिवसभर त्या दोघांकडे पाठ केली.

घटस्फोटाचं कोर्टातलं काम फारसं न रेंगाळता मार्गी लागलं. दोघांची संमती होती. वकील म्हणाला, असे पक्षकार मिळाले तर वकिलांचं घर चालणार नाही, आणि स्वतःच हसला.

मार्चमध्ये, उन्हं तापायला लागल्यावर, योगराज मित्राची गाडी घेऊन आला. धुळ्यात त्याने तळमजल्यावरची जागा पाहिली होती आणि एक लहान टाकी घेतली होती. माशांना पाण्यासकट पिशव्यांत घातलं, पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात. टांगलेला फिल्टर त्याने ओलाच, टाकीच्या पाण्यात बुडवून बादलीत घेतला. त्यात जंतू आता चांगले वसले होते. नव्या टाकीला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडणार होता.

"इथे दुसरा आणशील ना?" त्याने विचारलं.

"आणून ठेवलाय. गेल्या महिन्यापासून चालू आहे. तुम्ही पाहिलं नाहीत, तो काय तिकडच्या बाजूला."

त्याने पाहिलं. पाणी काठापर्यंत होतं आणि आवाज येत नव्हता.

निघताना तो आईच्या पाया पडला. मोहिनीने खोक्याचं एक टोक धरून ते खाली गाडीपर्यंत न्यायला मदत केली. गाडी वळल्यावर ती जिना चढून आली आणि टाकीतल्या उरलेल्या माशांना खाणं टाकलं. मोकळ्या झालेल्या जागेत ते जरा बिचकत फिरत होते.

दिवेलागणीला तिचा फोन वाजला. आईचा नव्हे, तिचा.

"पोचलो," योगराज म्हणाला. "सगळे ठीक आहेत. एक जरा घाबरलाय, कोपऱ्यात बसलाय."

"दिवा बंद ठेवा आज. खायला घालू नका."

"हो." मग तो म्हणाला, "काय केलंय जेवायला?"

"शेवभाजी."

"आईला तिखट कमी लागतं हल्ली."

"माहीत आहे. सकाळची ड्युटी आहे माझी, ठेवते."

बेबाबाई परातीत कणीक मळत होती. मान वर न करता तिने विचारलं, "काय म्हने?"

"पोचले."

"बरं झालं," बेबाबाई म्हणाली आणि कणकेला आणखी थोडं पाणी लावलं.